घमेलं तिकडचं

कालपासून मोठेबाबा माझ्याशी मोजकंच बोलताहेत. चूक माझीच. दिवाळीला गावी आलो आणि ओसरीत बसून फोटो दाखवत सुटलो: जर्मनीत, बव्हेरियातल्या आमच्या खेड्यामागची टेकडी, माथ्यावर चॅपल आणि घमेलं उचलणारा मी.

त्या चढणीवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या प्रसंगांची, चौदा स्थानं आहेत. वाट पावसानं खचली होती, चॅपलचा गिलावा सुटला होता. गावकऱ्यांनी संस्था काढली आणि शनिवार धरून धरून दोन्ही नीट केलं. (तिकडे संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. आपल्या १८६० च्या कायद्यातही सातच. म्हणजे कायद्यावर ढकलायची सोय नाही.)

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, सिमेंट मारा अन् मोकळे व्हा. सत्तरीतला एक सुतार मला भिंतीपाशी घेऊन गेला. जुन्या डागडुजीतला सिमेंटचा पोपडा त्यानं नखानं उचलला; आतला दगड ओला, पिठासारखा भुसभुशीत. सिमेंट ओल कोंडतं, चुना ती बाहेर सोडतो. मग चुन्यानं दरजा भरल्या, वर ओलं गोणपाट. कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, लवकर वाळला की भुगा. वाटेवर तर मी महिनाभर एकच काम केलं, दगडी पन्हळी बसवायचं. त्या आडव्या नाही, तिरप्या. पाणी वेग धरायच्या आत बाजूला उतरतं, गाळही साचत नाही. एवढ्याशा तिरकेपणाचं मला अजून अप्रूप आहे.

मोठेबाबांनी चष्मा काढला. "म्हंजे तू तिकडं लोकाइच्या टेकडीवर गोटे वाहून रायला. अन् आपल्या मारोतीची वाट?"

आता, श्रमदान आम्हाला कुणी शिकवायला नको. १८७६ साली गाडगेबाबा जन्मले ते आपल्याच अमरावती जिल्ह्यात. तुकडोजी महाराजांची मोझरीही तिथलीच. हेमाडपंती देवळं तर चुन्याशिवायच उभी आहेत. हे सगळं मी ऐकवलं. शिवाय तिकडे शनिवारी सुटी असते. इथं ऐन दिवाळीत माणसानं कापूस वेचायचा की पन्हळी बसवायच्या?

"तुनं कवा येचला कापूस?"

आज सकाळी टेकडीवर जाऊन आलो. मारोतीच्या देवळाच्या दगडी भिंतींना नवा ऑइलपेंट, ओट्याला टाईल्स आणि वाटेच्या मधोमध पावसानं पाडलेली गुडघाभर नाली. उतरताना तीन जागा हेरल्या, चपलेच्या टाचेनं तिरप्या रेघा ओढून ठेवल्या. परवा रात्री नागपूरहून विमान आहे.