छोटं जातंय, मोठं अडकतंय

अर्ध्या दिवसाचं काम समजून गेलो होतो. जुने स्विच (कॉम्प्युटर-प्रिंटर वायरींनी एकमेकांना जोडणारे नेटवर्कचे डबे) काढायचे, नवे जास्त वेगाचे गिगाबिट लावायचे, वायरी परत खोचायच्या, दिवे हिरवे झाले की निघायचं. यात नवे कॉम्प्युटर कधी त्रास देत नाहीत, रडवतात ती जुनी धुडं. जुना पीसी चालू होताना नेटवर्कवरचा पत्ता मागतो आणि स्विच तिकडे स्पॅनिंग ट्रीच्या, म्हणजे वायरींचं वेटोळं झालं नाही ना या तपासणीच्या, नादात ३० सेकंद पोर्ट (वायर खोचायची जागा) उघडतच नाही, तोवर पीसी मागून मागून गप्प बसलेला असतो. ही वाट बघणं टाळणारा पोर्टफास्ट लावला की झालं. काही जुन्या प्रिंटर कार्डांना तर पत्ता मागायची नेहमीची पद्धत, डीएचसीपी, कळतच नाही, तिच्या आधीचं बूटपी लागतं. हे सगळं पाठ होतं, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

इथेही तसंच एक धूड होतं, ए-थ्री लेझर प्रिंटर, बराच जुना पण ठणठणीत. पिंग केलं, म्हणजे छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघितलं, एकही पॅकेट हरवलं नाही. पोर्ट ९१०० वर (हा वायरीचा नाही, छपाईचं काम घेण्याचा क्रमांक) टेस्ट पेज पाठवलं, आलं. सही घेतली.

तासाभरात ड्रॉइंगवाल्या मॅडमचा फोन. "सर, छोटं जातंय, मोठं अडकतंय." मी म्हटलं, ड्रायव्हरचं असेल. त्या म्हणाल्या, कालपर्यंत याच ड्रायव्हरवर चालत होतं. मी ऐकलं नाही, खरं सांगायचं तर ऐकून घेतलं पण मनावर घेतलं नाही.

मग दोन तास ड्रायव्हर बदल, पॅच कॉर्ड बदल, दोन्ही टोकं नव्याने क्रिंप कर. सोबतचा सहकारी दर दहा मिनिटांनी म्हणतोय, भंगारात काढायला सांगा. आमच्या लाइनमध्ये हा आजार आहेच, स्वतःला सापडलं नाही की मशीन जुनं.

शेवटी स्विचमध्ये शिरून त्या पोर्टचे काउंटर, म्हणजे चुकांचे आकडे, बघितले, जे सगळ्यात आधी बघायला हवे होते. १०० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच बाजूने बोलायचं. आणि लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरींचा, आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय. पहिले ६४ बाइट निघून गेल्यावर टक्कर होते म्हणजे समोरचा नियम पाळतच नाहीये. प्रिंटर ओढून मागची बाजू बघितली तर भिंतीकडच्या अंगाला पिवळं पडलेलं स्टिकर, "१०० फुल. बदलू नका."

प्रिंटर फुलवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदम बोलण्यावर, बांधलेला, म्हणून तो स्विचशी स्पीड-डुप्लेक्स ठरवायची बोलणीच (ऑटो निगोशिएशन) करत नाही. स्विचला सिग्नलवरून स्पीड कळतो, डुप्लेक्स कळत नाही, मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. पिंगला एक जातं एक येतं, टक्कर कुठून होणार? पण ए-थ्री ड्रॉइंग ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे काळंपांढरं धरलं तरी ८.७ एमबीच्या आसपास कच्चा माल. स्विच पाठवतोय आणि प्रिंटर मधेच पोच देतोय, स्विचला वाटतं टक्कर झाली, फ्रेम अर्धवट सोडतो, परत पाठवा, परत टक्कर. मॅडमचं वाक्य शब्दशः बरोबर होतं.

स्टिकरवाल्याला आधी मी शिव्या घातल्या. पण तोही चुकला नव्हता. ऑटो निगोशिएशन १९९५ मध्ये फास्ट इथरनेटबरोबर (१०० एमबीपीएसचं नेटवर्क) आलं तरी सुरुवातीला एका कंपनीच्या कार्डाचं दुसऱ्या कंपनीच्या स्विचशी जमेलच असं नव्हतं, म्हणून दोन्ही टोकं हाताने बांधायची पद्धत होती. त्याने दोन्ही बांधली होती, मी त्यातलं एक उपटून फेकलं.

आता प्रिंटर ऑटोवर न्यायला हवा होता. पॅनलला पासवर्ड, तो कोणालाच माहीत नाही, रीसेट मारलं तर सगळीच सेटिंग्ज उडणार आणि मॅडमना त्याच दिवशी चाळीस ड्रॉइंग द्यायची होती. मी स्विचचा पोर्ट १०० फुलवर बांधला. धडाधड पानं यायला लागली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून आलो, प्रिंटर, १०० फुल, बदलू नका. घरी जाताना डोक्यात आलं की हा स्विच बदलेल तेव्हा माझं डिस्क्रिप्शनही त्याच्याबरोबरच जाईल, आणि पुढच्या माणसाच्या हाती परत ते भिंतीकडे तोंड केलेलं स्टिकरच उरेल. रीसेट मारायला हवं होतं का, अजून ठरत नाहीये. पुढच्या खेपेला निदान मार्कर नेणार आहे, स्टिकर पुढच्या बाजूला लावायला.