लंडनमधल्या निळ्या पाट्या: टिळक, बाबासाहेब, सावरकर एका दिवसात

टॉवर ब्रिज वगैरे मागच्या खेपेला उरकलं होतं, म्हणून या वेळी एक अख्खा शनिवार आपल्या माणसांच्या घरांसाठी ठेवला. लंडनमध्ये नामवंत माणसं राहिलेल्या घरांवर गोल निळ्या पाट्या असतात, १८६६ पासूनची स्कीम आहे ही.

सुरुवात टिळकांपासून करा. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, बेकरलू लाईनने वॉरिक अव्हेन्यूला उतरायचं, तिथून १० हाउली प्लेस चालत पाच-सात मिनिटं. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य आले होते ना, तेव्हा १९१८-१९ ला इथे राहिले. खटला हरले, पण पाटीवर त्यातलं काहीच नाही, फक्त 'इंडियन पेट्रियट अँड फिलॉसॉफर'. घरात लोक राहतात, त्यामुळे बेल वाजवू नका, फुटपाथवरूनच फोटो काढा.

तिथून ट्यूब पकडू नका. शेजारीच लिटल व्हेनिसचा कालवा आहे, त्याच्या काठाने चालत निघायचं, मध्ये बोगदा लागतो तिथे वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली उतरायचं, आणि झू मागे टाकून प्रिमरोझ हिलपाशी बाहेर पडायचं. रमतगमत तासभर लागतो, डबा बरोबर असेल तर टेकडीवर बसून खा.

टेकडीच्या पलीकडे १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब इथे १९२१-२२ ला राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तेव्हा. महाराष्ट्र सरकारने २०१५ ला घर घेतलं, आता स्मारक आहे, तिन्हींत आत जाता येतं ते हे एकच, म्हणून वेळ इथेच जास्त ठेवा. उघडण्याच्या वेळा मात्र निघायच्या आधी बघून घ्या. साधं गल्लीतलं घर, पण मी दारात उगाच दोन मिनिटं थांबलो, चप्पल काढावी की काय असं वाटत होतं.

मग चॉक फार्मवरून नॉर्दर्न लाईन. इथे लोक चुकतात, कॅम्डन टाऊनला उतरून हाय बार्नेटकडची गाडी घ्यायची, मग आर्चवे. पुढे चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश. ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू म्हणजे क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ ला भारतीय विद्यार्थ्यांसाठी काढलेलं वसतिगृह, इंडिया हाउस. सावरकर इथे राहायचे, म्हणून पाटी त्यांची, आणि मजकूर वाचून मी मोबाईलमधला सकाळचा फोटो पुन्हा काढून बघितला, तेच शब्द, 'इंडियन पेट्रियट अँड फिलॉसॉफर'! दोघांना एकच बिरुद, लिहिणाऱ्याने कंटाळा केला की काय कोण जाणे. अंगात जोर असेल तर जवळच हायगेटच्या दफनभूमीत मार्क्सची कबर आहे, तिकीट लागतं.

आणि हो, ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टॅप कराल तेच बाहेर पडताना करा, मी आत जाताना फोन आणि बाहेर येताना कार्ड लावलं आणि दोन्हीकडून पैसे गेले.

दादाभाई नौरोजींची २०२२ ला लागलेली पाटी राहिली, ती पेंजला म्हणजे पार दक्षिणेच्या टोकाला आहे, याच दिवसात कोंबायला जाऊ नका.