बारावर अडलेलं घड्याळ

काकू उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत हानाऊला राहून गेल्या. जाताना त्यांनी हौसेने स्वतः निवडून एक भिंतीवरचं घड्याळ घेतलं, कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या तसल्याच घड्याळावर त्यांचा जीव जडला होता. त्याला कुणी हात लावत नाही, तरी ते पुढे जात नाही की मागे पडत नाही, हे त्यांनी रोज मोबाइलशी ताडून पाहिलं होतं. बडोद्याला पोचल्यावर त्यात सेल घातला. काटे भराभर फिरले, बारावर आले आणि थांबले. चुलतभावाने ते खिडकीत ठेवलं, गच्चीत नेलं, नवा सेल घालून पाहिला. काटे बारावरच. मग घरच्या ग्रुपवर सुरू झालं. एका बाजूने, ‘हा म्हणे जर्मन माल!’ आणि दुसऱ्या बाजूने, ‘तिकडच्या माणसांना शिस्त आहे म्हणून तिकडे चालतं, आपल्याकडे चांगली वस्तूसुद्धा टिकत नाही.’

दोन्ही बोलणी मला लागली. पहिलं चुकीचं म्हणून, आणि दुसरं त्याहून जास्त, कारण ते आपल्याच माणसांनी आपल्याबद्दल म्हटलेलं होतं. काकूंना फोनवरून मागचं एक बटण दाबून धरायला सांगितलं, काटे फिरवून हातानेच वेळ लावून घेतली, आणि आता ते घड्याळ बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात नीट चालतंय. पण ते बारावर का अडलं हे सांगायला फोन पुरला नाही.

खरं म्हणजे ते घड्याळ एकट्याने फार काही करत नाही. आत गुजरातेत मोरबीला बनणाऱ्या कुठल्याही घड्याळात असतो तसाच क्वार्ट्झचा स्फटिक आहे. त्याच्या जोडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली फेराइटची एक छोटी कांडी आहे. ही कांडी म्हणजे अँटेना. रोज रात्री, सगळं शांत असताना, ती काही मिनिटं जागी होते आणि माइनफ्लिंगेन नावाच्या गावाबाहेरच्या केंद्रावरून 77.5 किलोहर्ट्झवर येणारी, वेळ सांगणारी लाँगवेव्ह रेडिओलहर पकडते. ही सेवा 1959 साली सुरू झाली, आणि वेळ व तारीख सांकेतिक रूपात 1973 पासून जायला लागली. पद्धत इतकी साधी आहे की समजली तेव्हा मी खूश झाले. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीचा जोर क्षणभर उतरतो. सेकंदाचा एक दशांश भाग उतरला तर शून्य, दोन दशांश उतरला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र तो उतरतच नाही, आणि त्या गाळलेल्या ठोक्यावरून घड्याळाला कळतं की पुढचा ठोका नव्या मिनिटाचा. त्या शून्य-एकांमधून येणाऱ्या मिनिटाची वेळ, तारीख, वार, उन्हाळी वेळ आहे की हिवाळी, सगळं वाचता येतं. मध्ये चूक पकडायचे आकडेही पेरलेले असतात. वीज कडाडल्यामुळे एखादा ठोका गडबडला तर घड्याळ ते वाचन सोडून देतं आणि पुढच्या मिनिटाची वाट पाहतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला इथे पुन्हा दोन वाजतात. तासभर आधीपासून त्याची सूचना लहरीवर जात असते. आमच्या घड्याळाचे काटे मागे फिरू शकत नाहीत, त्यामुळे एक तास मागे यायला ते अकरा तास पुढे धावतं. त्या रात्री मुद्दाम जागून मी ते पाहिलंय. अंधाऱ्या स्वयंपाकघरात मिनिटकाटा गरगर फिरतोय, तासकाटा त्याच्यामागून सरकतोय, आणि मग दोघं जागच्या जागी येऊन पुन्हा सेकंद मोजायला लागतात. घरात कुणाला उठावं लागत नाही.

हा संदेश साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत पोचतो. बडोदं सहा हजारांच्याही पलीकडे आहे. काकूंच्या घड्याळाचे काटे बारावर उभे राहिले ते वेळ सांगणाऱ्याची वाट पाहत. त्यात काही बिघडलेलं नव्हतं, आणि बडोद्याच्या हवेचाही दोष नव्हता.

माइनफ्लिंगेन आमच्यापासून जवळ आहे, म्हणून एकदा सायकलने जाऊन आले. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. सपाट मुलूख, कुंपण, आणि तारांनी ताणून धरलेले उंच, सडपातळ खांब. पण मी बराच वेळ तिथे उभी होते. आत अणूंच्या कंपनांवरून सेकंद मोजणारी अणुघड्याळं आहेत, आणि त्यांच्यावर ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थेची देखरेख आहे. देशाची अधिकृत वेळ सांगण्याची जबाबदारी कायद्याने त्या संस्थेवर टाकलेली आहे. रेल्वेची घड्याळं, आकाशवाणी आणि टीव्हीची केंद्रं, कितीतरी ट्रॅफिक सिग्नल, वीज कंपन्यांची दर बदलणारी यंत्रं, सगळी या खांबांकडे कान लावून असतात. माझं स्वयंपाकघरातलं स्वस्तातलं घड्याळसुद्धा त्यांच्याच पंक्तीला बसतं, आणि त्यासाठी मला नोंदणी करावी लागत नाही की वर्गणी भरावी लागत नाही.

या संस्थेची मूळ संस्था 1887 साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला निघाली. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी त्यासाठी जमीन दिली आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ पहिले अध्यक्ष झाले. ते साल वाचून मी थबकले, कारण तो काळ माझ्या ओळखीचा होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं, आणि 1892 मध्ये अजव्याच्या सरोवराचं पाणी शहरात आलं. म्हणजे तिकडे सेकंद आणि व्होल्ट मोजायची सोय होत होती तेव्हा इकडे एक संस्थानिक रंगकाम, सुतारकाम आणि यंत्रशास्त्र शिकवायची शाळा उघडत होता. मी त्याच शाळेच्या आजच्या रूपात इलेक्ट्रिकल शिकले. कागदोपत्री नाव काहीही असो, रिक्षावाल्याला ‘कलाभवन’ म्हटल्याशिवाय तो नेत नाही. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना छाती फुगवून सांगायचो.

आणि अजवा! माझ्या चुलतभावाला मला हेच सांगायचं आहे. उंचावर साठवलेलं पाणी उताराच्या जोरावर शहराकडे आणायचं, म्हणजे पंपाचा भरवसा नको आणि कोळशाचा खर्च नको, असा विचार त्या काळी बडोद्यात झाला होता. आज बडोदं कैक पटींनी वाढलंय, पाणी मही नदीवरूनही येतं, पण पूर्वेकडच्या भागात अजून अजव्याचं पाणी पितात. पावसाळ्यात सरोवराची पातळी 211 फुटांवर गेली की सगळं गाव बातम्या लावून बसतं, ती पुराची काळजी वेगळी. पण उरलेले महिने नळ उघडताना कुणाच्या मनात अजवा येतो का? माझ्या मनात तरी लहानपणी कधी आला नाही. माइनफ्लिंगेनच्या खांबांचं मला जेवढं कौतुक आहे तेवढंच या सरोवराचं आहे. म्हणून ‘आपल्याकडे असलं काही टिकत नाही’ हे वाक्य किमान बडोदेकराने तरी बोलू नये.

इथे सगळं सुरळीत आहे असंही नाही. स्टेशनवरचं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर असतं आणि गाडीचा पत्ता नसतो. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचलेल्या होत्या फक्त 62.5 टक्के, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडीही ‘वेळेवर’ धरून हा आकडा आहे. जुलै 2021 मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, शंभरावर माणसं गेली, आणि कितीतरी लोकांपर्यंत धोक्याचा इशारा वेळेत पोचलाच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोदं शहरात घुसली तेव्हा ऑफिसातल्या एकाने मला सहानुभूतीने विचारलं, तुमच्याकडे इशारा देणारी यंत्रणा नसते का? मी त्याला आर नदीची आठवण करून दिली. आवाज जरा चढलाच होता माझा.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत अजून ‘फक्त रोख’ अशी पाटी आहे. बडोद्यात सेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, पैसे पाठवले की शेगडीशेजारचा तो छोटा डबा ‘पन्नास रुपये प्राप्त हुए’ म्हणून मोठ्याने सांगतो, लारीवाल्याला हातातला झारा खाली ठेवावा लागत नाही. आत एक सिमकार्ड, एक बॅटरी आणि एक स्पीकर, बस. 2016 साली सुरू झालेली यूपीआय त्याच्या मागे उभी आहे. इथल्या मैत्रिणींना मी त्याचा व्हिडिओ दाखवते, आणि दर वेळी त्यांना तो दोनदा बघायचा असतो.

तरीही एक फरक आहे, आणि तो मी नाकारणार नाही. आमच्या दांडिया बाजारच्या घरात ज्या वस्तू बिनबोभाट चालतात त्या बाबांमुळे चालतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, पाण्याची मोटर, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट. आजोबांनी घेतलेलं चावीचं घड्याळ अजून दिवाणखान्यात आहे. दर रविवारी आंघोळ झाली की बाबा खुर्चीवर चढतात, काचेचं दार उघडतात, उजव्या भोकात चालीची चावी देतात आणि डाव्यात टोल्यांची. मग मोबाइल पाहून काटा जुळवतात. घड्याळ मागे पडायला लागलं असेल तर लंबकाखालची चकती किंचित वर फिरवतात. हे सगळं पंचाहत्तरीनंतर, आणि खुर्ची धरायला कुणी नसताना. मला त्या खुर्चीची काळजी वाटते. फोनवर सांगितलं तर म्हणतात, ‘अगं, मग रविवारी मी करू काय?’

मी बडोदं सोडलं ते बडोदं वाईट म्हणून नव्हे. इथे एकटीने नोकरी, मुलगा आणि घर सांभाळता आलं, त्यात माझ्या हिमतीइतकाच वाटा अशा गोष्टींचा आहे ज्यांच्याकडे मला बघावंच लागलं नाही. बॉयलर, वीज, पाणी, घड्याळ. त्यांची बॅटरी तपासायला, त्यांच्यासाठी थांबून राहायला घरात एक माणूस लागला नाही. तिकडे तो माणूस लागतो, आणि बहुतेक घरांत ती आई असते, आमच्याकडे बाबा आहेत. ‘तू तिकडे आरामात आहेस’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की हा आराम नाही, हा दिवसातला मोकळा झालेला वेळ आहे, आणि त्याच वेळात मी माझं काम करते. बाबांना इथे बोलावून पाहिलं. त्यांना करमत नाही. मी त्यांना दोष देत नाही, आणि त्यांनीही मला कधी दिलेला नाही.

भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. ती वेळ देशभर नेमकी पोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या वजनमापांच्या प्रयोगशाळांमध्ये अणुघड्याळं बसवायचं काम हाती घेतलंय, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीच्या नियमांचा मसुदाही निघाला. अहमदाबाद म्हणजे बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. कलाभवनातल्या माझ्या वर्गातले काही जण सरकारी खात्यांत आहेत, कुणाचा तिथे संबंध येत असेल तर मला विचारायचंय. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते नको. रात्रपाळीला तिथे किती माणसं असणार आहेत, बॅटऱ्या किती वर्षांनी बदलायचं ठरलंय, आणि त्याचे पैसे दरवर्षी मागावे लागणार आहेत की आधीच बाजूला काढून ठेवलेत, हे सांगा.