गुडघ्याचं चालतं मॉडेल: बिजागरी गेली, फुली आली

आधीच्या टप्प्यातलं एका बोल्टचं मॉडेल मोडीत काढलं आहे. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, पुढून नाडी अशी रचना कोपराला बऱ्यापैकी चालते, गुडघ्याला नाही. कबड्डीतल्या चढाईपटूचा किंवा खो-खोत दिशा बदलणाऱ्या गड्याचा गुडघा नेमका कुठे दगा देतो, हे दाखवायचं असेल तर बिजागरी काढावीच लागते.

कारण हाडांच्या आकारातच आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल, नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. त्या गोल टोकाची कड माथ्याच्या लांबीच्या साधारण दुप्पट भरते. ते चाकासारखं नुसतं गडगडलं असतं तर पाय पुरता दुमडण्याआधीच मागून खाली उतरलं असतं. एकाच जागी नुसतं घसरलं असतं तर मागची कड लवकर अडली असती. म्हणजे गडगडणं आणि घसरणं दोन्ही एकदम चालतं. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी हे १८३६ मध्येच मांडलं होतं. या दोन्हींचा मेळ सांध्याच्या पोटात फुलीसारखी जाणारी दोन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, ठेवतात: पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल. एसीएल नडगीच्या पुढून मांडीच्या हाडाच्या मागे जातं, पीसीएल नडगीच्या मागून मांडीच्या हाडाच्या पुढे.

मापं

खऱ्या गुडघ्याच्या अंदाजे पावणेतीनपट. दोन्ही हाडं १२ मिमी प्लायची आणि एकाच पातळीत. लिगामेंटसाठी ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, एक फळ्यांच्या एका पृष्ठावर, दुसरी पलीकडच्या. ४ मिमीचे बोल्ट ४, वॉशर ८, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट ४. साधे नट वीसेक हालचालींत सैल होतात.

नडगीच्या फळीत दोन भोकं, अंतर ७५ मिमी, दोन्ही माथ्याच्या कडेपासून १२ मिमी खाली. मांडीच्या फळीत दोन भोकं, अंतर ४५ मिमी. पाय सरळ असताना यातलं मागचं भोक वर आणि पुढचं खाली येतं, आणि त्यांना जोडणारी रेघ मांडीच्या अक्षाशी ४० अंशांचा कोन करते. एसीएलची पट्टी भोकापासून भोकापर्यंत ९० मिमी, पीसीएलची ८० मिमी.

पट्टी १५ मिमी रुंद घेतली तर १२० अंशांच्या आसपास पाय अडकतो. एसीएलच्या वरच्या बोल्टचं पलीकडे आलेलं डोकं पीसीएलच्या पट्टीवर आदळतं. पट्टी १० मिमी घ्या किंवा काउंटरसंक बोल्ट वापरून डोकं प्लायमध्ये बुडवा. आम्ही दोन्ही केलं, आता १३० अंशांपर्यंत पाय मोकळा जातो.

गोल टोकाचा आकार

या टप्प्यातला सर्वात सुंदर भाग हाच. मांडीच्या हाडाचा आकार पुस्तकातल्या चित्रावरून कापू नका, तो पट्ट्यांनाच काढू द्या.

मांडीच्या फळीऐवजी आधी जाड पुठ्ठा घ्या, त्यावर बटर पेपर चिकटवा आणि तो नडगीच्या फळीच्या मागे लांब बोल्टने त्याच पट्ट्यांवर टांगा. पाय सरळ ठेवून नडगीच्या माथ्याची कड बटर पेपरवर पेन्सिलीने आखा. मग १० अंश दुमडा, पुन्हा आखा. ० ते १३० अंशांपर्यंत १४ रेघा होतात. प्रत्येक रेघ सरळ असते, पण त्या सगळ्यांच्या आतल्या बाजूला एक वाक उमटतो. गुडघ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे शेजारी ठेवून पाहा, ओळख लगेच पटते. हाडाचा गोल आणि लिगामेंटची लांबी एकमेकांना किती बांधलेली आहेत, ते या १४ रेघांइतकं स्पष्ट दुसरं काहीच दाखवत नाही.

हे आखणं प्रत्यक्ष भोकं पाडलेल्या पट्ट्यांवरच करायचं. कागदी आराखड्यावरून आखलं आणि ड्रिल १ मिमी सरकलं, तर एका कोनात टोक माथ्यावर दाबलं जातं आणि दुसऱ्या कोनात फट पडते. वाकाच्या २ मिमी आतून कापा आणि त्या जागी सायकलच्या ट्यूबची २ मिमी जाड पट्टी रबर सोल्युशनने चिकटवा. तीच कूर्चा. जास्त तासलं गेलं तर प्लाय बदलावा लागत नाही, ट्यूबचा आणखी एक थर पुरतो.

तपासणी सोपी आहे. कोणत्याही कोनात पट्ट्यांच्या फुलीच्या मध्यातून माथ्यावर लंब टाका. टोक तिथेच टेकलेलं हवं. पाय सरळ असताना ही जागा नडगीच्या मागच्या भोकापासून ५६ मिमी पुढे येते, काटकोनात १५ मिमी. म्हणजे टेकण्याची जागा ४१ मिमी मागे सरकते. खऱ्या गुडघ्यात आतली बाजू फारशी हलत नाही, बाहेरची मागे जाते. त्यामुळे मॉडेलमधलं सरकणं खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. पाहणाऱ्याला हे आवर्जून सांगा.

पट्टी काढून दोरी

पट्टीत एक खोट आहे. ती ओढतेही आणि ढकलतेही. लिगामेंट फक्त ओढतं. आकार पक्का झाला की दोन्ही पट्ट्या काढून न ताणणारी दोरी तेवढ्याच लांबीची बांधा आणि टोक माथ्यावर टेकलेलं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना रबर लावा. गाठ आवळताना दोरी २ ते ३ मिमी खाते, तेवढी सोडून मापा. मागच्या अंगाला, पाय सरळ होताच ताणली जाईल अशी जाड सुतळी लावा. ती नसेल तर पाय उलटा वाकतो, कारण फुलीला स्वतःचा अटकाव नाही.

आता एसीएलची दोरी सोडा आणि मांडीची फळी घट्ट धरून नडगी पुढे ओढा. २० ते ३० अंशांवर ती खणासारखी पुढे येते. डॉक्टर मैदानावर पडलेल्या खेळाडूचा गुडघा हातात घेऊन याच कोनात तपासतात.

मग पुढची नाडी, म्हणजे क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूची) ओढ, लावा. पाय जवळजवळ सरळ असताना नाडी नडगीपासून गुडघ्याच्या वाटीकडे जाताना थोडी पुढे झुकलेली असते, म्हणून ती ओढली की पाय सरळ होण्याबरोबर नडगी पुढेही सरकते. काटकोनात तीच नाडी नडगीला किंचित मागे ढकलते. उडीवरून ताठ पायाने उतरलं की हाच स्नायू पूर्ण जोरात ओढत असतो आणि त्याला आवरायला एसीएल असतं. त्यात पाऊल रोवलेलं, गुडघा आत पडलेला आणि धड दुसरीकडे वळलेलं असेल, तर भार आणखी चढतो. मागून हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी) ट्यूबची पट्टी लावून ताण दिला की नडगी पुन्हा जागेवर येते. गुडघा जितका दुमडलेला, तितकी ही पट्टी जास्त कामाची. सराव घेणाऱ्यांना ही तीन दृश्यं ओळीने दाखवा. 'गुडघे वाकवून उतरा' असं का ओरडतात, ते मुलांना हाताने कळतं.

वाटी

वाटीसाठी २५ मिमी जाडीचा, मागून गोल केलेला लाकडी ठोकळा. मांडीची फळी सी-क्लॅम्पने आडवी धरा, नडगीही आडवी, आणि गुडघ्यापासून ३० सेमीवर ५०० ग्रॅमचं वजन टांगा. नाडीला ताणकाटा लावा. नाडी फुलीपासून ७.५ सेमीवर असेल तर हिशेबाने २ किलो ओढ पुरते. वाटी काढली आणि अंतर ६ सेमीवर आलं की २.५ किलो लागते. प्रत्यक्षात काटा थोडा जास्त दाखवतो, कारण नाडी प्लायच्या कडेला घासते. तिथे मेण चोळा. नाडी कापसाची नको, ती ताणते आणि दर वेळी वेगळा आकडा देते.

बाकी काम

हे सगळं एका पातळीतलं झालं. सरळ होताना शेवटच्या वीसेक अंशांत नडगी किंचित बाहेर वळून कुलपासारखी बसते, ते या मॉडेलमध्ये येत नाही. त्यासाठी टोकाचे दोन वेगळे गोल लागतील, आतला मोठा आणि बाहेरचा लहान, आणि नडगी माथ्याखाली कापून ८ मिमीच्या उभ्या खिळीवर फिरती ठेवावी लागेल. खिळीचं भोक ओळंब्यात पडलं नाही तर नडगी वळताना माथाही कलतो. म्हणून ते हातातल्या ड्रिलने नाही, स्टँडवरच पाडायचं.