नाशिकच्या वाईन: पांढरीला झुकतं माप

नाशिकला वाईनसाठी जायचं तर जानेवारी ते मार्चची सुरुवात, आणि शक्यतो आडवारी. वाईनच्या द्राक्षांची तोडणी याच दिवसांत चालते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर देखणा दिसतो खरा, पण तेव्हा वेलींवर नुसती पानं. फळासाठीची गोडी छाटणी होते ती पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आम्ही दोन जोडपी फेब्रुवारीत गेलो. वाईनचं शिक्षण आमच्यात कुणाचंच नाही, घरी चार माणसं जमली की बाटली उघडणारी ही मंडळी. पुढचे शेरे त्याच जिभेचे समजावेत.

पहिला मुक्काम अर्थातच सुला ही वाईनरी, म्हणजे वाईन करण्याचा कारखाना. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते. त्यांची फेरी मात्र जरूर घ्या. टाक्या आणि लाकडी पिंपं बघून होतात, पण आमच्या मते खरी मजा बागेत आहे. वाईनचं द्राक्ष आपल्या खायच्या बिनबियांच्या थॉमसनपेक्षा बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. आम्हाला एकेक मणी चाखायला मिळाला: गोड भरपूर, पण साल चावली की तोंड तुरट. लाल वाईनचा तुरटपणा बराचसा त्या साली-बियांतूनच येतो, हे तिथे जिभेला कळतं.

आता चवी. वाईनला बहुधा द्राक्षाच्या जातीचंच नाव असतं. सोव्हिन्यों ब्लांक ही पांढरी नाकाशी नेली आणि बायको म्हणाली, "अगं बाई, ही तर चिरलेली ढोबळी मिरची!" अगदी खरं. पहिला घोट आंबट लागतो, दुसऱ्यापासून आवडायला लागते. शेनिन ब्लांक हीही पांढरी, किंचित गोडसर, पेरू-अननसाच्या वासाची. नवख्या माणसाने सुरुवात हिच्यापासून करावी. तिखटाशी हिचं चांगलं जमतं. चीजची महागडी थाळी बाजूला ठेवून आम्ही मसाला शेंगदाणे मागवले आणि बाटली तिथेच संपवली. झिन्फांडेलची गुलाबी मला सरबतासारखी वाटली, मित्राने मात्र दोन पेले घेतले. लेट हार्वेस्ट शेनिन म्हणजे घड वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून केलेली गोड वाईन. ती जेवणानंतर थोडीशीच आणि नुसतीच घ्या. श्रीखंडाबरोबर घेतलीत तर दोन्ही गोड एकमेकांना मारतात.

लालबद्दल माझा उत्साह कमी. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ चांगली आहे, मिरीचा झणका आणि लाकडाचा वास दोन्ही कळतात. पण एका ठिकाणी (नाव राहू द्या) लाल वाईन खोलीच्याच तपमानाला दिली, आणि दुपारी दोनला ती खोली तिशीच्या पुढे होती. घशाला नुसतं स्पिरिट लागलं. 'रूम टेंपरेचर' हा नियम थंड देशांचा. आपल्याकडे लाल बाटलीही वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच प्यावी, आणि हे वाढणाऱ्याला सांगायला लाजू नये.

संध्याकाळ यॉर्क या वाईनरीसाठी राखून ठेवा. सुलापासून जवळच आहे; 2021 साली सुलानेच ती विकत घेतली, पण वातावरण पुष्कळ शांत. धरणाच्या पाण्यावर सूर्य उतरताना त्यांची शेनिनचीच फेसाळ वाईन घेतली. कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), स्वच्छ, थंडगार. संपूर्ण सहलीत माझी पसंती हिला. आरोस नावाची त्यांची लाल मित्राला फार आवडली. मला ती जड गेली, कदाचित तोवर जीभ थकली असेल. एका दिवसात दोनच ठिकाणं करा. तिसऱ्या ठिकाणी सगळ्या वाईन छानच लागतात, आणि मग पाकीट हलकं होतं.

मिसळ सकाळी नको. काळ्या मसाल्याची तर्री एकदा लागली की दुपारपर्यंत जिभेला काही कळत नाही. सकाळी साधे पोहे खाऊन जा, मिसळ दुसऱ्या दिवशी निघताना खा. रिकाम्या पोटी तर जाऊच नका.

गाडी न पिणाऱ्यानेच चालवायची, नाहीतर दिवसभराची भाड्याची गाडी करा. चौघांत तो खर्च परवडतो. गंगापूरकडचे रस्ते अंधारात अरुंद वाटतात. वयाचा पुरावा सगळ्यांनी जवळ ठेवा. 26 जानेवारी आणि 30 जानेवारी हे कोरडे दिवस (दारूविक्री बंद असते ते) ऐन हंगामातच येतात, निवडणुकांमुळे आणखी भर पडू शकते; तारीख पक्की करण्याआधी पाहून घ्या.

बाटल्या घेतल्यात तर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. आम्ही थर्मोकोलचा खोका नेला होता. पांढरी उघडली की झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायची. मुंबईकरांना परतताना इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने ही वाईनरी लागते. तिथे आधी फोन करून जा आणि त्यांची व्हिओन्ये ही पांढरी चाखा. जर्दाळूचा वास आवडत असेल तर एक बाटली घरी न्यायला हरकत नाही.