आईला घेऊन लंडन ते एडिनबरा: रॅम्प, रेलकार्ड आणि उजवीकडची खिडकी

आईने 30 वर्षं डोंबिवली ते व्हीटी असा रोजचा प्रवास केला. आता ती 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि हातात काठी आली आहे. यंदा जूनमध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मला इथलं काहीही दाखव, पण रेल्वेने दाखव." म्हणून आम्ही लंडनहून यॉर्क, तिथे एक रात्र मुक्काम आणि मग एडिनबरा असा बेत केला. लंडन ते एडिनबरा 632 किलोमीटर आहे, थेट गाडीने साधारण साडेचार तास लागतात. ज्यांचे आईवडील भारतातून इकडे येणार आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

आधी तिकिटांचं. सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे ॲडव्हान्स. ते साधारण 12 आठवडे आधी मिळायला लागतं आणि ज्या गाडीचं काढलं त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली की तिकीट गेलं, आणि मधल्या स्टेशनवर उतरून मुक्काम करायलाही त्यावर परवानगी नाही. आम्हाला यॉर्कला थांबायचं होतं, म्हणून मी लंडन ते यॉर्क आणि यॉर्क ते एडिनबरा अशी दोन वेगळी तिकिटं काढली. त्याच्या आधी 'टू टुगेदर' रेलकार्ड घेतलं. वर्षाचे 35 पौंड, दोघांचे फोटो लागतात, दोघांनी बरोबर प्रवास केला की भाड्यात एक तृतीयांश सूट. अट एकच, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. आमच्या या एकाच सहलीत कार्डाचे पैसे वसूल झाले. आई किंवा बाबा एकटेच प्रवास करणार असतील तर 60 पूर्ण झालेल्यांसाठी सीनियर रेलकार्ड आहे. त्याला इथलं नागरिक असावं लागत नाही, वयाच्या पुराव्याला पासपोर्ट पुरतो.

आता खरी सांगायची गोष्ट, पॅसेंजर असिस्ट. वयस्कर, अपंग किंवा चालायला त्रास होणाऱ्या कोणालाही स्टेशनात आणि गाडीत चढता-उतरताना मदत मिळते. पैसे लागत नाहीत, डॉक्टरचं पत्र लागत नाही. ॲपवरून किंवा फोनवरून निदान दोन तास आधी सांगायचं: कुठून कुठे, कोणती गाडी, व्हीलचेअर हवी की नुसता हात, रॅम्प लागेल का, बॅगा किती. मी हे सगळं भरत होते तेव्हा आई चिडली. "अगं, मी चालती-फिरती बाई. चाकाच्या खुर्चीत बसवून मिरवणार का मला?" दोन दिवस ती ऐकेना. शेवटी मी म्हटलं, चढताना फक्त रॅम्प घेऊ, खुर्चीचं तिथे गेल्यावर बघू. तेवढ्यावर ती तयार झाली. तुमच्या घरीही हेच होणार आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मदत म्हणजे उपकार नाहीत, तिकिटाबरोबर मिळणारी ती सेवा आहे. हे घरी आधीच बोलून ठेवा, स्टेशनवर वाद नको.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला आम्ही 40 मिनिटं आधी पोचलो. आईने आधी रस्त्यापलीकडचं सेंट पँक्रस स्टेशन पाहिलं, लाल विटांचं, टोकदार कमानी आणि मनोऱ्यांचं, आणि जागच्या जागी थांबली. "हे तर आपलं व्हीटीच!" आपलं व्हीटी 1888 चं, हे त्याच्याही आधीचं. किंग्ज क्रॉसच्या आत गेल्यावर मदतीचं काउंटर शोधून नाव सांगितलं. इथे एक लक्षात ठेवा. मोठ्या बोर्डावर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या जेमतेम 10-15 मिनिटं आधी लागतो आणि मग सगळी गर्दी एकदम पळत सुटते. मदत मागितली असेल तर त्या पळापळीत सापडायला होत नाही, माणूस येऊन आपल्याला घेऊन जातो. तो व्हीलचेअर घेऊन आला आणि आईकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "बसायचं की चालायचं?" आई बसली. कुठलीही घाई नाही, टीव्हीवरच्या निवेदकासारखा मजेत गप्पा मारत निघाला. प्लॅटफॉर्मना इथे शून्यापासून नंबर आहेत, ते त्यानेच दाखवलं.

प्लॅटफॉर्मवर एका स्टँडला कुलूप लावून ठेवलेला रॅम्प त्याने काढला. घडीचा, ॲल्युमिनियमचा, कडेला पिवळ्या पट्ट्या. एक टोक डब्याच्या दारात टेकवलं, पायाने दाबून हलत नाही ना ते पाहिलं आणि मगच खुर्ची वर ढकलली. जागेपर्यंत आणून बसवलं, बॅग रॅकवर ठेवली आणि यॉर्कला फोन करून आमचा डबा आणि सीट कळवली. हा फोन फार महत्त्वाचा. पुढच्या स्टेशनवर कोणी उभं असणार की नाही, हे त्यावरच ठरतं. तुमच्यासमोर फोन झाला नाही तर सरळ विचारा, "पुढे कळवलंत का?"

गाडीतलं थोडं. डब्यांना नंबर नसतात, अक्षरं असतात. सीटच्या वर छोटे दिवे होते: लाल म्हणजे राखीव, पिवळा म्हणजे वाटेत कुठे तरी राखीव, हिरवा म्हणजे मोकळी. दार आपोआप उघडत नाही, बटण पेटलं की दाबायचं. गाडी सुटायच्या थोडं आधीच दारं बंद होतात, त्यामुळे धावत येऊन दांडी पकडायची सवय इथे उपयोगाची नाही. क्वाएट कोच टाळा, आईला फोनवर मावशीशी बोलायचं असतं. घरचा डबा खायला कोणीही हरकत घेत नाही. आम्ही थालीपीठ आणि दही नेलं होतं. लसणाची चटणी मात्र बंद डब्यात काचा बंद असताना उघडू नये असं मला वाटलं, आईला पटलं नाही.

यॉर्कला दारात रॅम्प घेऊन बाई उभी होती. 1877 चं हे स्टेशन वळणावर बांधलं आहे. वरचं लोखंडी छप्पर बाक घेत जातं आणि खाली प्लॅटफॉर्मही तसाच वळतो. दिसायला सुरेख, पण वळणावर सरळ डबा उभा राहिला की दार आणि प्लॅटफॉर्म यांच्यात फट पडते. आई ती फट निरखून बघत म्हणाली, "आपल्याकडे हीच फट किती जणांना गिळते." ती पुढे बराच वेळ गप्प होती.

स्टेशनच्या मागेच नॅशनल रेल्वे म्युझियम आहे, प्रवेश फुकट. तिथे निळं मॅलर्ड इंजिन आहे. 1938 मध्ये वाफेवर ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटर, हा विक्रम त्याच्या नावावर आहे. आम्ही ज्या गाडीने आलो ती ताशी 125 मैल वेगाने धावते. आईने इंजिनाच्या चाकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. चाक तिच्या डोक्यावर गेलं. अर्धा दिवस ठेवाच.

यॉर्क ते एडिनबरा या टप्प्यात उजवीकडची खिडकी घ्या. तिकीट काढताना सीटच्या नकाशात ती निवडता येते. उत्तरेकडे जाताना डरमचं कॅथेड्रल, न्यूकॅसलला टाइन नदीवरचे पूल आणि बेरिकच्या पुढे कड्यांच्या काठाने जाणारा रूळ व खाली समुद्र, सगळं उजवीकडेच. बेरिकला गाडी 1850 च्या 28 कमानींच्या पुलावरून जाते. पूल गाडीतून नीट दिसत नाही, पण ट्वीड नदी इतकी खाली दिसते की उंची कळते. तिथून थोड्या अंतरावर रुळाशेजारी स्कॉटलंडची पाटी येते. आई तयारीत बसली होती, तरी पाटी क्षणात गेली.

एडिनबराचं वेव्हर्ली स्टेशन शहराच्या जुन्या आणि नव्या भागांच्या (ओल्ड टाउन, न्यू टाउन) मधल्या खोलगट जागेत आहे. बाहेर पडायला चढ आणि पायऱ्या आहेत, म्हणून मदतनीसाला लिफ्टने नेऊन सोडायला सांगा. तिथली आणि किंग्ज क्रॉसची स्वच्छतागृहं फुकट आहेत, गाडीच्या आधीच जाऊन या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही एका छोट्या स्टेशनवर उतरणार होतो. मदत बुक होती, पण दारात कोणी नव्हतं. पायरी उंच, मधे फट, आणि दार बंद व्हायला आलेलं. मी घाबरले. शेजारच्या तरुणाने पळत जाऊन गार्डला सांगितलं, गार्डने स्वतः गाडीतला रॅम्प आणून लावला. गाडी चार मिनिटं थांबली आणि कोणीही कुरकुर केली नाही. तेव्हापासून मी एक नियम केला आहे: उतरायच्या 15 मिनिटं आधी गार्डला गाठून "आम्ही इथे उतरतो, रॅम्प लागेल" असं सांगायचं. बुकिंगवर विसंबून बसायचं नाही.

पुढची गाडी 40 मिनिटं उशिरा आली. इथे उशिराची भरपाई मिळते, तिचं नाव डिले रीपे. अर्धा तास ते एक तास उशीर झाला तर निम्मं भाडं, तासाच्या वर पूर्ण एकेरी भाडं, आणि काही कंपन्या 15 मिनिटांपासून चौथा हिस्सा देतात. 28 दिवसांत ऑनलाइन अर्ज करायचा, तिकिटाचा फोटो जपून ठेवा. मी गाडीतच भरला.

रॅम्प आला नाही त्याची तक्रारही केली. बुक केलेली मदत चुकली तर भरपाई मागायचा हक्क आहे. पंधरवड्यात माफीचं पत्र आणि त्या टप्प्याचे पैसे आले. आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्या गार्डचं कौतुक कोणी कळवलं?" ते राहिलंच होतं. त्याच रात्री दुसरी मेल लिहिली. गाडीची वेळ आणि डब्याचं अक्षर मला आठवत नव्हतं, आईला दोन्ही पाठ होतं.