जांभ्याच्या चढणीवर विजेची गाडी

परतीचा पाऊस पुरता सरलेला नसताना, ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे बागमांडल्याला आणि तिथून बाणकोटची खाडी ओलांडून वेळासला जायचे आम्ही ठरवले. मित्राने दोन दिवसांसाठी दिलेली टाटा हॅरिअर ईव्ही सोबत होती, तीही चारही चाकांना जोर देणारी. बाजारात आली तेव्हा ती केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या, तेवढ्याच ७५ किलोवॅट-तास बॅटरीच्या गाडीपेक्षा दीड लाखाने महाग होती. भटकंती करणाऱ्याने हे दीड लाख मोजावेत का, एवढेच मला पाहायचे होते. पल्ल्याची धास्ती मात्र नव्हती, कारण प्रमाणित चाचणीत दोघींचे आकडे ६२२ आणि ६२७ किलोमीटर आहेत. प्रत्यक्षात ते बरेच खाली येतात, पण पुढच्या चाकांसाठीच्या जादा विद्युत मोटारीमुळे फारसे बिघडत नाही.

ताम्हिणीच्या उतारावर ब्रेकला पाय क्वचितच लागला. उतरताना मोटारच जनित्र होऊन बॅटरीत वीज भरते. परतीच्या चढणीवर ती व्याजासकट फेडावी लागते, हे हिशेबात धरावे.

बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी उतरले की धक्क्याचा उतार लांबतो आणि एरवी पाण्याखाली असणारा शेवाळलेला भाग उघडा पडतो. ‘‘सावकाश घ्या, पण मध्ये थांबू नका,’’ असे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवरच्या खलाशाने बजावले. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी या गाडीत वेगळ्या मोटारी आहेत, त्यांना जोडणारा दांडा नाही. त्यामुळे पुढचे चाक शेवाळावर फिरू लागताच मागच्या मोटारीचा जोर क्षणात वाढतो. इंजिनाच्या गाडीत अशा जागी क्लच आणि वेग दोन्ही सांभाळावे लागतात. इथे पावलाच्या हलक्या दाबावर गाडी चालण्याच्या गतीने बोटीत चढली.

खरी परीक्षा वेळासच्या वरच्या वाडीतल्या मुक्कामाच्या घरी जाताना झाली. दोन गडग्यांमधली अरुंद चढण, खाली जांभ्याचे झिजलेले चिरे, त्यांवर तांबडी राड आणि मध्ये पऱ्ह्याचे, म्हणजे लहान ओहोळाचे, पाणी. माझ्या स्वतःच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने दोन वर्षांपूर्वी याच चढणीवर हात टेकले होते. चिखलासाठीचा मोड निवडून मी चढलो; एक चाक घसरले, गाडी किंचित आडवी झाली आणि लगेच सावरली. पावसाळ्यात अशा वाड्यांवर वरचेवर जाणाऱ्याला दीड लाख वसूल होतील, असे माझे मत झाले. हिवाळ्यात डांबरी रस्त्याने येऊन परतणाऱ्याने मात्र ते वाचवून चांगले टायर घ्यावेत, कारण चिऱ्यांवरची पकड शेवटी टायरचीच असते.

या गाडीत वाळूसाठीही मोड आहे, पण मी तो वेळासला वापरला नाही. इथे २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. चाकांखाली वाळू दबते, अंडी चिरडू शकतात आणि पिल्ले चाकोरीत अडकतात. गाडी जाऊ शकते म्हणून किनाऱ्यावर नेणे मला मुळीच मान्य नाही. ती माडांच्या बनाअलीकडे उभी करून आम्ही पायी गेलो.

महामार्गावरचे एक जलद चार्जिंग केंद्र बंद मिळाल्याने आता भिस्त मुक्कामाच्या काका-काकूंच्या घरच्या विजेवर होती. ‘‘मिक्सर लावला तरी दिवे मंदावतात आमच्याकडे,’’ काकू म्हणाल्या. पंधरा अँपिअरच्या सॉकेटचे अर्थिंग तपासून, रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत गाडी लावली; साधारण तीस युनिट गेली आणि बॅटरी ३५ टक्क्यांनी वाढली. मध्ये तासभर वीज गेली तेव्हा गाडीतूनच वायर काढून ओटीवरचा पंखा आणि दिवा चालवला. निघताना युनिटांचे पैसे काका घेईनात. मी आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘फाल्गुनात पिल्ले निघतील तेव्हा या, तोवर खळ्यात वेगळी लाइन टाकून ठेवतो.’’